परतीचा खण

"आक्का, सीट उतरवायची आहे."

दुकानाचे शटर मी अर्धेच वर केले होते. खालून आधी मोटरसायकलचे पुढचे चाक दिसले, मग माझ्या सुनेच्या चपला. शटर पूर्ण वर गेले तेव्हा रेवती दोन्ही हातांनी हँडल धरून उभी होती. ओढणी कमरेला खोचलेली, कपाळावरचे कुंकू घामाने ओघळलेले. घरापासून नाक्यापर्यंत ती अवजड गाडी तिने ढकलत आणली होती. गाडी शिरीषची, माझ्या मुलाची. दोन पावसाळे ती परसात ताडपत्रीखाली उभी होती आणि माझ्या शब्दावाचून तिला कोणी हात लावलेला नव्हता.

"कोणाला विचारून काढलीस?"

"कोणालाच नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"तू विचारायचं असतं आणि मी नाही म्हणायचं असतं. रीत अशी असते."

"मग आता म्हणा," ती म्हणाली. गाडी तिने स्टँडवर लावली आणि घरच्या सुनेसारखी नव्हे, एखाद्या गिऱ्हाइकासारखी फळीवर येऊन बसली. "माझे पाय टेकत नाहीत. सीट माझ्या मापाची करून द्या. मला स्पितीला जायचंय."

तो शब्द आमच्या घरात दोन वर्षे उच्चारला गेला नव्हता. शिरीष तिकडेच, हिमालयात, गेला होता, याच गाडीवरून, एकटा. एका पुलावर गाडी सापडली. डबल स्टँडवर नीट लावलेली, बॅगा बांधलेल्या, हेल्मेट आरशाला अडकवलेले. शिरीष सापडला नाही. पाणी भरायला नदीकडे उतरला असावा, पाय घसरला असावा, असे तिथल्या पोलिसांनी लिहून दिले. मी त्या 'असावा'वर बोट ठेवले. ज्याचे काही हाती लागले नाही त्याचे दिवस घालायचे नाहीत, असे सोयऱ्यांना दारातच ठणकावून सांगितले. रेवतीचे कुंकू माझ्या हुकमाने राहिले. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी शिरीषचे नाव मोठ्याने घेत असे, स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आणि आता, रेवतीने गाडी काढली त्याच आठवड्यात, खटावकर बातमी घेऊन आला होता. हा खटावकर म्हणजे आमच्या कराडातल्या मोटरसायकलवाल्यांचा म्होरक्या. दर वर्षी टोळी घेऊन डोंगरांत जायचा आणि जाण्यापूर्वी सगळ्यांच्या सीट आमच्याकडून करून घ्यायचा. स्पितीच्या वाटेवर एका गॅरेजात शिरीषसारखा माणूस पाहिला, असे तो सांगून गेला होता. त्यामुळे रेवती का निघाली, हे मला विचारावे लागले नाही.

"एकटी जाणार?"

"एकटीच. गाडी चालवायला त्यानंच शिकवलीय, कालव्याच्या रस्त्यावर."

"येताना दोघं याल," मी म्हणाले आणि पक्कड हातात घेतली.



आमचे 'शिंत्रे कुशन' कोल्हापूर नाक्याजवळ. यजमान मुळात कापसाच्या गाद्या भरत. पुढे मोटरसायकली वाढल्या तसे ते सीटकडे वळले, आणि ते गेल्यावर कात्री माझ्या हाती आली. जुन्या रेक्झिनवर नवे रेक्झिन ओढून देणारे कारागीर गावात पुष्कळ होते. कव्हरवर कव्हर आमच्या दुकानात कधी चढले नाही. दोहोंमध्ये पाणी मुरते आणि फोम आतून कुजतो, बाहेरून मात्र सीट नवी दिसते. आमच्याकडे आधी सगळे सोलायचे आणि मग बैठक घ्यायची. उघड्या फोमवर गिऱ्हाइकाला बसवून त्याच्याशी इकडचे तिकडचे बोलत राहायचे. बोलता बोलता त्याचे अंग सैल पडले की भोवती खडूने रेघ ओढायची. सावधपणे बसलेल्या माणसाची बैठक खोटी असते. ती धरून फोम कापला तर शंभर मैलांत कंबर धरते.

शिरीषच्या सीटच्या पिना मी एकेक करून उचकटल्या. रेक्झिन निघाले आणि त्याची बैठक उघडी पडली. डावीकडे थोडी अधिक खोल. तो डावखुरा, पोरवयापासून डाव्या अंगावर रेलून बसायचा. त्या खळग्यावरून मी हात फिरवला नाही. रेवती पाहत होती.

"बस," मी म्हणाले.

ती बसली. मी तिला ती शिकवते त्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेविषयी विचारले, तिच्या माहेरच्या म्हशीविषयी विचारले. तिने उत्तरे दिली. पाठ मात्र ताठच.

"अंग सोड."

"सोडलंय की."

"नाही सोडलंस. इतक्या सीट केल्या मी, मला शिकवतेस?"

"मग आहे तशीच रेघ ओढा, आक्का. ह्याहून सैल आता मी होत नाही."

मी रेघ ओढली. पुढचा फोम तिला उंच पडत होता, तो अख्खा काढून नवा, खाली उतरता घालावा लागणार होता. काढलेला तुकडा माझ्या हातात राहिला, शिरीषच्या खळग्यासकट. कचऱ्याच्या पोत्यात तो जाणे शक्य नव्हते. मी मागच्या बाजूचा फोम सुरीने कापून टाकला आणि तिथे हा तुकडा सोल्युशन लावून बसवला.

"हे काय करताय?"

"मागची बैठक."

"मागं मी सामान बांधणार आहे."

"सामान बॅगांत जाईल. येताना मागं तो बसेल. इतका लांबचा प्रवास परक्या बैठकीवर कशाला?"

रेवतीने तोंड फिरवले. मला वाटले, आनंदाने भरून आले असेल.

दुसऱ्या दिवशी खटावकर गाडीला नवी बॅटरी बसवायला आला तो सल्ल्यांचे गाठोडे घेऊनच. अंगात ते खिसेच खिसे असलेले जाकीट, कराडच्या उन्हात.

"वहिनींच्या गाडीला पत्र्याच्या पेट्या लावा, आक्का. कुलूप लागतं, पाणी शिरत नाही, आणि फोटोत काय दिसतात म्हणून सांगू!"

"गाडी आडवी झाली की पेटीखाली पाय कोणाचा सापडतो? फोटोवाल्याचा?"

"अहो, सगळं जग पेट्या लावतंय."

"सगळं जग आपलं तंगडं आपण सांभाळील. कॅनव्हासची बॅग दबते, वाकते, आणि फाटली तर डोंगरात बसून दाभणानं शिवता येते. तुमचा पत्रा शिवून दाखवा मला."

"बरं, राहिलं. निदान सीटमध्ये जेल तरी घाला. माझ्या पुण्याच्या मित्रानं घातलंय."

"काय केलं होतं त्यानं?"

रेवती फिसकन हसली. दोन वर्षांत मी ते ऐकले नव्हते. खटावकरही हसला, थोडा ओशाळून. मी मात्र हातातली सुरी खाली ठेवली.

"तो माणूस. पुन्हा सांगा."

"सांगितलं की परवा. उंची तीच, दाढी वाढलेली. गाडीची चेन घट्ट करत बसला होता."

"पाना कुठल्या हातात?"

खटावकर घुटमळला. "म्हणजे..."

"शिरीष डावखुरा आहे. पाना डाव्या हातात होता ना?"

"हो. हो हो. डाव्याच हातात. आता तुम्ही म्हटल्यावर लख्ख आठवलं."

"मग हाक का नाही मारलीत?"

"ट्रक आडवा आला हो. आमची पोरं पुढं गेलेली. परत फिरेपर्यंत..." त्याने हात हवेत फिरवला.

मी विजयी मुद्रेने रेवतीकडे पाहिले. ती रेक्झिनच्या गुंडाळीवरची धूळ बोटाने पुसत होती. मघाचे हसू कुठल्या कुठे गेले होते.

तो गेल्यावर ती म्हणाली, "बॅगा मी शिरीषच्याच नेणार आहे. माळ्यावर आहेत. निघायच्या दिवशी मीच काढीन."

"त्यांचं बक्कल गेलंय. मी आधी बघते."

"नको, आक्का. आहेत तशा चालतील."

"फाटकी बॅग माझ्या दुकानातून बाहेर जात नाही."

"मग दुकानात आणूच नका ना!" तिचा आवाज चढला. तिने तो लगेच खाली आणला. "निदान परतीच्या खणाला हात लावू नका."

"मी कशाला लावीन? तो उघडणारा येणार आहे," मी म्हणाले. मला तिचा राग आला होता. मला माझीच रीत शिकवत होती.

परतीचा खण ही आमच्या दुकानाची रीत. यजमान वळकट्या शिवत तेव्हापासूनची. प्रवासाच्या प्रत्येक बॅगेला आम्ही एक जादा खण शिवत असू. जाताना तो रिकामा ठेवायचा, त्यात साधा रुमालसुद्धा घालायचा नाही. येताना घरच्यांसाठी काहीतरी त्यातून आणायचे, आणि उंबऱ्यात उभे राहून, ज्याने प्रवास केला त्यानेच आपल्या हाताने तो उघडायचा. दुसऱ्या कोणी नाही. गिऱ्हाइके हौसेने पाळत. कोणी जर्दाळू आणी, कोणी सैंधवाचा खडा. शिरीषने एकदा पांढरा गोटा आणला होता, तो माझ्या देव्हाऱ्यात आहे. त्या शेवटच्या वेळी बॅगा शिवताना तो माझ्याजवळ येऊन बसला होता. "आक्का, ह्या वेळी खण आतल्या बाजूला घे," म्हणाला, "अस्तराखाली. कोणाला दिसायला नको." वाटेत चोरीची भीती असेल, असे मी समजले आणि तसा शिवला. म्हणून पोलिसांनी आणि त्याला शोधायला गेलेल्या मित्रांनी बॅगा उलथ्यापालथ्या केल्या तरी तो कोणाला सापडला नव्हता. तो आहे हे आम्हा घरच्यांनाच ठाऊक.

दुपारी रेवती शाळेत गेली. मी घरी जाऊन शिडी लावली आणि दोन्ही बॅगा पोत्यातून काढून दुकानात आणल्या. माझ्या वयाला शिडी शोभत नव्हती. पण वयाने मला कधी काही विचारले नाही आणि मीही त्याला कधी विचारले नाही.

बक्कल बदलायचे तर मागून टाके घ्यावे लागतात. त्यासाठी मी उजवी बॅग उलटी केली. अस्तर बाजूला सारले. खणाच्या तोंडाला मी चामड्याची पट्टी आणि बटण लावले होते. बटण लावलेले होतेच. पण त्याच्या वर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, तोंड शिवलेले होते.

दोरा आमचाच होता, मेण लावलेला तपकिरी. दाभण आणि दोऱ्याची गुंडी मीच त्याच्या हत्यारांत घातली होती. टाके तिरपे पडले होते, उजव्या हाताने पडतात त्याच्या उलट्या अंगाला. शेवटी दोरा तोडलेला नव्हता. मागे वळवून, आधीच्या टाक्यांखालून काढून दाबलेला होता. तसा शेवट करायला त्याला मी शिकवले होते, याच फळीवर बसवून. सगळे टाके एकसारखे. घाईतल्या माणसाच्या हातून असे पडत नाहीत. असे टाके घालायला बूड टेकून बसावे लागते, हात स्थिर लागतो, आणि शिवायच्या वस्तूखेरीज दुसऱ्या कशाची काळजी उरलेली नसावी लागते.

मी खण उघडला नाही. कापडावरून बोटे फिरवली. माझ्या बोटांना डोळे लागत नाहीत. सपाट आणि गोल, दोन्हीकडे पट्टा, हे त्याच्या वडिलांचे घड्याळ. ही घराची किल्ली, कुलूप मीच विकत घेतलेले. आणि कोपऱ्यात, घडीत अडकलेले लहानसे वळे, त्याच्या लग्नातली अंगठी.

पाणी भरायला उतरणारा माणूस बोटातली अंगठी काढून ठेवत नाही. ती नक्की घरी पोचेल अशी जागा तो शोधत नाही, आणि वरून टाकेही घालत नाही.

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. कोणीतरी येऊन सीटचा भाव विचारून गेले. मी काय सांगितले ते आठवत नाही. रेवती शाळेतून परस्पर दुकानात आली आणि माझ्या मांडीवरची बॅग पाहून पायरीवरच थांबली.

"काढल्यात शेवटी," ती म्हणाली.

"हे बघ."

"मला माहीत आहे, आक्का."

"काय माहीत आहे?"

"घड्याळ, किल्ली, अंगठी." ती वर येऊन माझ्यासमोर बसली. "बॅगा ट्रकमधून उतरवल्या त्या दिवशी किल्ली वाजली. मी हात घालून चाचपलं. म्हणून तर माळ्यावर टाकल्या, तुमच्या हाती लागू नयेत म्हणून. गाडीसुद्धा डबल स्टँडवर होती. पाणी भरायला उतरलेलं माणूस साइड स्टँडवर लावतं."

"आणि खटावकर?"

"तुम्ही डावा म्हणालात, ते डावा म्हणाले. तुम्ही उजवा म्हणाला असतात तर त्यांना उजवा आठवला असता. तुमच्यासमोर नाही म्हणायची कोणाची छाती आहे?"

माझ्याशी असे कोणी बोलत नसे. मी ऐकून घेतले.

"मग स्पितीला कोणाला शोधायला निघालीस?"

"शोधायला नाही. हा खण तिथं सोडायला. आणि त्याच्या नावानं पाणी सोडायला. इथं तुम्ही सोडू दिलं नसतं."

"मला सांगायचं होतंस."

"कसं सांगणार? रोज दिव्यापाशी तुम्ही इतक्या मोठ्यानं त्याचं नाव घेता. मला वाटायचं, तुमचा सगळा जीव त्या नावावर टांगलाय. तो दोर मी कापू?"

तो मोठा आवाज तिच्यासाठी होता, तिची आशा सुटू नये म्हणून, हे मी तिला सांगितले नाही. आजवर सांगितलेले नाही. दोन वर्षे आम्ही दोघींनी एकमेकींवर कव्हर चढवले होते, आणि आत काय झाले होते ते आता दोघींना दिसत होते.

"का केलं असेल गं त्यानं?" मी विचारले.

"तुम्हाला काही बोलला होता?"

"नाही. हसत गेला."

"माझ्याशीही हसत होता. निघताना म्हणाला, चहात साखर कमी पडलीय." तिने ओढणीने तोंड पुसले. "मी रोज तेवढंच आठवते. चहा. त्यापुढं काही सापडत नाही."

मलाही सापडले नाही. त्याच्या एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला ती. मध्ये तो कुठे गेला ते आम्हा दोघींना कळले नाही आणि आता कळण्याचा मार्गही नाही.

मी उठले. बॅग उचलली, कात्री घेतली.

"तू स्पितीला जायचं नाहीस."

"आक्का, मी ठरवलंय."

"ज्या नदीनं माझा मुलगा नेला तिच्या पदरात मी आणखी काही घालणार नाही. आपल्या दारात कृष्णा आहे, कोयना आहे. गाडी काढ."

"संगमापर्यंत? चालत जाऊ की."

"सीट केलीय ना मी? गाडी काढ म्हणते."

ती उतरली. नव्या सीटवर तिचे दोन्ही पाय जमिनीला लागले. मी मागे बसले, नऊवारी आवरून, तिरपी. खाली शिरीषची बैठक होती, डावीकडे खोल. आयुष्यभर मी लोकांच्या बैठका घेतल्या. त्या खळग्यात मात्र मला बसता येईना. तो माझ्या मापाचा नव्हता. गाडी निघाली तशी मी त्यात घसरत गेले आणि एका हाताने रेवतीचा खांदा धरला. तिचा खांदा दगडासारखा होता.

घाटावर दोन-चार माणसे होती. आमच्याकडे कोणी पाहिले नाही. मी कात्रीने अख्खा खण बॅगेपासून सोडवला. त्याचे स्वतःचे टाके तसेच ठेवले. उघडायचा अधिकार त्याचा होता आणि त्याने तो शिवून टाकला होता. आम्ही दोघी पाण्यात उतरलो. ओंजळीने पाणी सोडले. शिरीषचे नाव या वेळी रेवतीने घेतले, अगदी हलक्या आवाजात. मग मी तिच्या हातात खण दिला आणि तिने तो पाण्यावर ठेवला. कॅनव्हास थोडा वेळ तरंगला. मग भिजला आणि गेला.

स्पितीची तयारी केलेली ती गाडी तेवढीच चालली, संगमापर्यंत आणि परत. पुढे ती पुन्हा परसात ताडपत्रीखाली गेली. जाताना खण रिकामा, येताना भरलेला, ही आमची रीत. त्या दिवशी तो जाताना भरलेला होता आणि येताना बॅगेला त्या जागी नुसते भोक होते. रेवती आता दुकानात माझ्या शेजारी मशीनवर बसते. प्रवासाच्या बॅगा आम्ही अजून शिवतो. जुनी गिऱ्हाइके परतीचा खण मागतात, तेव्हा ती माझ्याकडे बघत नाही. "आता नसतो तो," एवढेच सांगते.

संगमावरून परतलो त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे हातपाय धुऊन देवापुढे बसले. दिवा लावला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज नेहमीच्या जागी थांबला. रेवती वाट पाहत होती. मी हात जोडले, डोळे मिटले, आणि काही बोलले नाही.

थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.